न हललेला माणूस

आमच्या पुण्याच्या घरी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक छायाचित्र आहे. दोन फूट उंच, सोळा इंच रुंद, मॅट कागदावर छापलेलं, बिनकाचेचं. काच लावली की समोरची ट्यूब तिच्यात दिसते आणि चित्राचा काळा भाग आंधळा होतो. या चित्राचं निम्मं सांगणं त्या काळ्या भागातच आहे. म्हणून धूळ बसली तरी चालेल पण काच नको, असं आम्ही ठरवलं.

माझ्या भाचीनं हे शांघायमध्ये काढलं, ऑक्टोबरातल्या एका रात्री साडेअकराच्या सुमारास. मी शेजारी छत्री धरून उभी होते. पाहुणे विचारतात, "कुठलं गं हे?" शांघाय म्हटलं की ते खुर्चीवरून उठून जवळ जातात, कारण त्यांच्या मनातलं शांघाय त्यांना तिथे सापडत नाही. एक गल्ली, ओली फरशी, वाळत घातलेले कपडे, बांबूच्या खुर्चीत बसलेला एक म्हातारा. गिरगावात वाढलेल्या आमच्या एका काकूंना तर आधी आपलीच वाडी वाटली. मग नजर वर जाते. दोन छपरांच्या फटीत एक इमारत दिसते आणि तिला वरचं टोकच नसतं.

लोकांच्या मनातलं शांघायही आम्ही टिपलं होतं, त्याच संध्याकाळी. ते आधी सांगते, कारण त्याच्याशेजारी ठेवल्याशिवाय या गल्लीची खरी उंची कळत नाही.

शांघायचा नदीकाठ म्हणजे बंड. हा शब्द ऐकून पुणेकराचे कान टवकारतात. आपल्या बंड गार्डनमधला बंड आणि हा बंड एकच. पाण्याकाठचा बांध. हिंदुस्थानात उचललेला हा शब्द इंग्रजांनी पूर्वेकडच्या बंदरांत नेला. मुळा-मुठेवरच्या आपल्या बंधाऱ्याला सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसा दिला होता, आणि तो पैसा चीनच्या व्यापारात कमावलेला होता, त्यात अफूही होती. एवढं नातं असूनही चिनी माणूस हा शब्द वापरत नाही. तो म्हणतो 'वायथान', बाहेरचा किनारा.

ऑक्टोबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मग वीस-पंचवीस मिनिटं आभाळ गडद निळं राहतं. रात्रीच्या छायाचित्रणातली सगळ्यांत मोलाची वेळ हीच, कारण आभाळाचा उजेड आणि माणसाने लावलेला उजेड एका पातळीला येतात आणि इमारतींच्या कडा काळोखात बुडत नाहीत. भाचीनं नदीच्या कठड्याला ट्रायपॉड टेकवला, लेन्सचं छिद्र एफ ११ वर ठेवून आठ सेकंदांचे फोटो घेतले. समोर ह्वांगफू नदी, पलीकडे फूतुंग. ओरिएंटल पर्ल टॉवर, ४६८ मीटर, १९९४ चा. जिन माओ, पॅगोड्यासारखा टप्प्याटप्प्याने निमुळता होत गेलेला, १९९९ चा. वर्ल्ड फायनान्शियल सेंटर, माथ्यावर चौकोनी भोक असलेलं, २००८ चं. हे भोक आधी गोल असणार होतं, पण इमारतीत जपानी पैसा होता आणि गोल भोक म्हणजे जपानचा उगवता सूर्य असं चिनी लोकांना वाटलं, म्हणून ते चौकोनी झालं. आणि या सगळ्यांच्या वर स्वतःभोवती पीळ घेत गेलेला ६३२ मीटरचा शांघाय टॉवर, २०१५ चा. १९९० मध्ये फूतुंगच्या विकासाची घोषणा झाली तेव्हा मी कॉलेजात होते. समोरचं हे अख्खं दृश्य माझ्याहून लहान आहे, हे त्या कठड्याशी उभं असताना एकदम अंगावर आलं.

तो फोटो देखणा आहे. तो आम्ही छापलाही, पोस्टकार्डाएवढा. निळ्या आभाळावर जांभळे-गुलाबी मनोरे, पाण्यात त्यांच्या लोंबत्या प्रतिमा, जाणाऱ्या बोटींच्या दिव्यांचे लांबलचक धागे. त्याच्याकडे बघून आनंद होतो आणि तो आनंद लगेच पुरा होतो. चित्र सगळं देऊन टाकतं. मागे काहीच ठेवत नाही. त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला घरी आल्यावर दिसली. त्या वेळी कठड्याशी हजारो माणसं होती. काही फोटोंत भाचीनं मुद्दाम मागे सरकून गर्दीही चौकटीत घेतली होती. आठ सेकंदांत ती गर्दी धूर होऊन गेली. इमारती सुईसारख्या रेखीव, आणि माणसं म्हणजे कठड्यावर आलेली वाफ.

हे तंत्रातलं अगदी साधं सत्य आहे. शटर जितका वेळ उघडं, तितका वेळ जे जागेवर थांबतं तेवढंच उमटतं. चालणाऱ्या माणसावरून परतलेला उजेड चित्रातल्या एकाच जागी पुरेसा साचत नाही, म्हणून तो माणूस पुसला जातो. दिवसाचा फोटो एका क्षणाचा असतो. रात्रीच्या फोटोला लांबी असते. महानगराची रात्र टिपायला जाणाऱ्या माणसाला पहिली अडचण येते ती हीच. त्याला ज्या गजबजाटानं ओढून आणलेलं असतं, तो गजबजाट नेमका चित्रातून निसटतो.

आमच्या पाठीशी बंडवरच्या जुन्या दगडी इमारतींची ओळ होती, सगळी एकाच सोनेरी उजेडात न्हालेली. त्यांतल्या एकीला हिरवं, त्रिकोणी, तांब्याचं छप्पर आहे. ती इमारत बघायची हे मी पुण्याहूनच ठरवून निघाले होते. ते ससून हाउस, १९२९ चं. आतलं कॅथे हॉटेल एके काळी सगळ्या आशियात गाजलेलं, आज ते पीस हॉटेल आहे. आपलं ससून रुग्णालय, कुलाब्याची ससून गोदी आणि हे हिरवं छप्पर एकाच घराण्याचं. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आले, त्यांनी मुलाला १८४४ मध्ये चीनला पाठवलं, आणि मुंबई ते शांघाय अशी कापसाची, कापडाची आणि अफूची साखळी उभी राहिली. डेव्हिड ससून यांची समाधी पुण्यात लाल देवळाच्या आवारात आहे. शांघायचं हॉटेल बांधणारे व्हिक्टर ससून त्यांचे पणतू. हे व्हिक्टर स्वतः हौशी छायाचित्रकार होते, कॅमेरा सतत बरोबर बाळगणारे. त्यांच्याच इमारतीखाली ट्रायपॉड लावून उभं राहायला मला बरं वाटलं. त्या छपराखालचा पैसा कुठल्या व्यसनावर उभा होता हे आठवून मन थोडं आक्रसलंही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या छपरावरच्या हिरव्या उजेडात दोन्ही आहेत.

दहाच्या सुमारास दिवे मालवले. एकदम नाही, एकेक इमारत. शांघायला चिनी भाषेत 'रात्र नसलेलं शहर' म्हणायची जुनी रीत आहे. तिथे विजेचे पहिले दिवे लागले ते १८८२ मध्ये, म्हणजे ही कीर्ती तशी कमावलेली. पण त्या शहरालाही रात्र असते, आणि ती दहाला येते. मनोऱ्यांवरची चित्रं विझली, सोनेरी ओळ काळी पडली, ट्रायपॉड गोळा करून लोक मेट्रोकडे धावले. मीही निघाले होते. भाची म्हणाली, "मावशी, आता थांब. आता सुरू होतं."

आम्ही उत्तरेकडे चालत गेलो. सूझौ खाडीवर चापू रस्त्याचा पूल आहे. तिथे एरवी छायाचित्रकारांची रांग असते, कारण तिथून वायपायतू हा १९०७ सालचा जुना लोखंडी पूल आणि त्यामागे फूतुंगचे मनोरे एका चौकटीत येतात. त्या रात्री तिथे कुणी नव्हतं. खाडीकाठाला एम्बँकमेंट हाउस नावाची पाण्याच्या वळणाबरोबर वळत गेलेली लांबलचक इमारत लागते. तीही ससूनांचीच. युरोपातून जीव वाचवून आलेल्या ज्यू निर्वासितांना १९३० च्या दशकाच्या अखेरीस याच इमारतीत पहिला आसरा मिळत असे. त्यामागे होंगखौ भाग. पाऊस भुरभुरून थांबला होता. त्या गल्ल्यांतल्या एकीच्या तोंडाशी भाची थबकली आणि बराच वेळ काहीच न करता नुसती उभी राहिली.

आता चित्र.

ते मी खालून वर वाचते. त्याला तसंच वाचावं लागतं, कारण खालचा तिसरा हिस्सा म्हणजे नुसती ओली जमीन आहे. एवढी जमीन सहसा कुणी ठेवत नाही. शिकवताना सांगतात की पुढची रिकामी जागा कापून टाका. इथे ती जागा चित्राचा दुसरा आरसा झाली आहे. सिमेंटच्या लाद्या खडबडीत आहेत, म्हणून त्यांच्यात पाण्यासारखं नितळ प्रतिबिंब नाही. उजेडाची नुसती सांड आहे. उजवीकडे निळसर पांढरी, मध्ये पिवळी, आणि दूर टोकाकडे अगदी फिकट जांभळी. वरच्या जगात काय काय असणार आहे याची रंगातली यादी आधी जमिनीवर दिली जाते, वस्तू मागून येतात. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक जड काळा आकार आहे. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

जमिनीवरून नजर भिंतींवर जाते. करड्या विटांची भिंत, मध्ये मध्ये लाल विटांचे पट्टे, आणि दाराभोवती दगडाची चौकट. या दगडी चौकटीवरूनच या घरांना 'शिकूमन' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शांघायमध्ये अशी घरं ओळीनं उभी राहिली. चिनी वाड्याचं अंगण आणि इंग्रजी चाळवजा घरांची रांग यांचा तो मिलाफ. शहरातल्या माणसांचा मोठा हिस्सा एके काळी यांतच राहायचा. पुढे एकेका घरात चार चार बिऱ्हाडं झाली, स्वयंपाकघर सामाईक झालं, आणि माणसं खुर्च्या घेऊन गल्लीत आली. भिंतीवर विजेच्या मीटरांची ओळ आहे. मी मोजले, सात. एका दरवाजाला सात मीटर. त्या घराची सगळी हकिकत त्या सात डब्यांत आहे आणि भाचीनं ती कुठल्याही प्रकारे अधोरेखित केलेली नाही. मीटर अर्ध्या उजेडात आहेत. शोधणाऱ्याला सापडतात.

ग्रेग जिरार्ड हा कॅनेडियन छायाचित्रकार शांघायमध्ये बरीच वर्षं राहिला आणि पाडल्या जाणाऱ्या अशाच जुन्या घरांची चित्रं काढत फिरला. २००७ मध्ये त्याचं 'फँटम शांघाय' नावाचं पुस्तक आलं. भाचीनं ते पाहिलेलं आहे आणि या चित्रातल्या रंगांवर त्याचा संस्कार आहे, हे ती स्वतःच सांगते. त्याच्याकडून तिनं एक धीट गोष्ट घेतली. रात्रीचे दिवे एका रंगाचे नसतात. आपला डोळा त्यांची समजूत घालून सगळ्यांना पांढरं करून टाकतो, कॅमेरा तसं करत नाही. त्याला पांढरा म्हणजे कुठला हे एकदाच सांगावं लागतं. या गल्लीत तीन पांढरे होते. उजवीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला एलईडी, आमच्या पाठीमागे गल्लीच्या तोंडाशी असलेला पिवळा सोडियम दिवा, आणि ढगांवरून परतून खाली आलेला शहराचा एकत्रित उजेड. यांतल्या कुठल्याही एकाला पांढरं मानलं की उरलेले दोन खोटे वाटतात. भाचीनं कुणालाच पांढरं मानलं नाही. मधलाच एक आकडा ठेवला. त्यामुळे खिडकी थंड राहिली, जमिनीचा मधला पट्टा उबदार राहिला, आणि म्हाताऱ्याचा चेहरा बरोबर त्या दोहोंच्या सीमेवर आला. एका गालावर निळसर, दुसऱ्यावर पिवळा.

त्याच्याकडे जाण्याआधी एक रेघ ओलांडावी लागते. चित्राच्या मध्यभागी जमिनीपासून थोडी वर एक बारीक लाल रेघ आहे. ती गल्लीच्या टोकाकडे जाते आणि तिथे वळून नाहीशी होते. उघड आहे की ती एका विजेच्या स्कूटरची मागची बत्ती आहे. रात्रीच्या चित्रांत अशा रेघा ढिगाने असतात. पण ही रेघ मध्येच सुरू होते. चौकटीच्या कडेपासून नाही, म्हाताऱ्याच्या खुर्चीच्या थोडं पुढून. स्कूटर काही तिथे आभाळातून पडलेली नव्हती. मग तिचा अलीकडचा प्रवास कुठे गेला?

मी शेजारी होते म्हणून मला उत्तर माहीत आहे, पण मी नसते तरी रेघेनं विचारायला लावलं असतंच. भाचीनं कॅमेरा 'बल्ब'वर ठेवला होता. बटण धरून ठेवाल तितका वेळ शटर उघडं. जुन्या कॅमेऱ्यांना शटरसाठी रबरी फुगा असायचा, त्यावरून हे नाव राहिलं. वीस सेकंद हवे होते आणि मोजायचं काम माझ्याकडे होतं. ब्रासाय हा पॅरिसच्या रात्रींचा मोठा छायाचित्रकार, त्याचं 'पॅरिस द न्वी' १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचं. तो शटर उघडून सिगारेट पेटवायचा आणि ती संपेपर्यंतचा वेळ म्हणजे एक चित्र. उजेड कमी असेल तर जाडजूड सिगारेट. आमच्याकडे माझा आवाज होता. "एक, दोन, तीन," मी छत्रीखाली हळू आवाजात मोजायला लागले. सातावर पाठीमागून स्कूटर आली आणि तिच्या पुढच्या दिव्यानं भिंती झळाळल्या. भाचीनं त्याच क्षणी काळी टोपी लेन्ससमोर धरली. "मावशी, थांब." मी सातावर थांबले. शटर उघडंच, पण कॅमेरा अंधारात. स्कूटर आमच्याशेजारून गेली, म्हाताऱ्याला ओलांडून पुढे गेली, आणि भाचीनं टोपी काढली. "मोज." आठ, नऊ, दहा.

म्हणजे या चित्रातले वीस सेकंद सलग नाहीत. सात आणि आठ यांच्यामध्ये जगाचे चार-पाच सेकंद गेले, त्यांत एक माणूस आमच्याजवळून गेला, आणि चित्राला त्याचा पत्ता नाही. पुढच्या दिव्याचा भगभगीत उजेड आला असता तर विटा सपाट झाल्या असत्या, मीटर ओरडले असते, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची ती दुरंगी सीमा धुऊन निघाली असती. येणारा उजेड तिनं नाकारला आणि जाणारा ठेवला. लाल रेघ जिथे सुरू होते, तिथे तिच्या हातातली टोपी बाजूला झाली. निवड चित्रात अशी ठळक दिसते आहे, हे मला या चित्रातलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं.

आता तो म्हातारा. बसकी बांबूची खुर्ची, अंगात निळं जाकीट, पायांत सपाता, शेजारी स्टुलावर झाकणाचा काचेचा पेला, त्यात तळाशी बसलेली चहाची पानं. आम्ही गल्लीत शिरण्याआधीपासून तो तिथे होता. भाचीनं कॅमेरा उंचावून भुवयांनीच विचारलं. त्यानं मान हलवली आणि पुन्हा आपला गल्लीच्या टोकाकडे बघायला लागला. आमच्यासाठी त्यानं बसणं बदललं नाही. वीस सेकंद न हलता बसणं सोपं नाही. करून बघा. कॅमेऱ्यासमोर तर त्याहून कठीण. तो मात्र आमच्यासाठी स्थिर बसला नव्हता. तो बसलेलाच होता. त्या रात्री संपूर्ण शहरात हजारो माणसं आमच्या शटरासमोरून गेली आणि विरली. उरला तो हा एकटा, आणि उरला तो केवळ त्याला कुठे जायचं नव्हतं म्हणून.

चेहरा इतका स्पष्ट आहे की डोळ्यांखालच्या पिशव्या मोजता येतात. पण उजवा हात धुरकट आहे. खांद्यापासून कोपरापर्यंत हात आहे, पुढे मांडीपासून हनुवटीपर्यंत नुसतं एक फिकट धुकं. त्यानं मध्येच चहाचा घोट घेतला. पेला स्टुलावर दिसतो, कारण बहुतेक वेळ तो तिथेच होता. त्याच्या ओठांशीही पेल्याची अगदी पुसट चमक आहे, कारण थोडा वेळ तो तिथेही होता. एकाच चित्रात एकच पेला दोन ठिकाणी. झटक्यात काढलेल्या फोटोला हे कधीच साधणार नाही. त्यात तो एक तर पीत असता नाही तर नसता. इथे तो बसलेलाही आहे आणि त्यानं घोटही घेतलेला आहे. रात्रीच्या चित्राची लांबी माणसाच्या कामी येते ती इथे. जी लांबी बंडवरच्या गर्दीला पुसून टाकत होती, तिनंच या माणसाला एक सबंध कृती बहाल केली.

त्याच्या डोक्यावर, छपराच्या वळचणीखाली, बांबूवर कपडे वाळत आहेत. दोन विजारी, एक टॉवेल, एक पांढरा सदरा. सदऱ्याची खालची कड हलून धूसर झाली आहे, खांदे स्थिर आहेत. म्हणजे वारा होता, पण मंद. हवा कशी होती हे चित्रात दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. ते सदऱ्याच्या कडेवर लिहिलं आहे. नंतर भाचीनं म्हाताऱ्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दाखवलं. त्यानं चष्मा लावला, तिनं चित्र मोठं करून त्याचा चेहरा समोर आणला. त्यानं तो बोटानं बाजूला सारला, वर सरकला, सदऱ्याशी थांबला, आणि घराकडे वळून काहीतरी ओरडला. आतून एक बाई आल्या आणि सदरा काढून घेऊन गेल्या. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता आणि तो सदरा बाहेर राहिलाय हे त्याला चित्रात बघून कळलं. आमच्या भिंतीवर तो अजून वाळतो आहे.

आणि मग फट. दोन छपरांच्या मध्ये, चित्राच्या अगदी वरच्या भागात, दूरवर शांघाय टॉवर. बाहेरची रोषणाई विझलेली, मजल्यांवरचे तुरळक दिवे. आणि साधारण दोन तृतीयांश उंचीवर तो ढगात शिरतो. वर काही नाही. फक्त ढग, आतून किंचित जांभळा उजळलेला. बंडच्या फोटोत हाच मनोरा टोकापासून तळापर्यंत दिसतो, ६३२ मीटर, एकही मीटर कमी नाही. तिथे त्याची उंची मोजून संपते. इथे ती संपतच नाही. अकराव्या शतकातला चिनी चित्रकार क्वो शी हेच डोंगराबद्दल सांगत असे. डोंगर उंच दाखवायचा असेल तर सगळा दाखवू नका, त्याच्या कमरेला धुकं बांधा. श्रावणात सिंहगडाचा वरचा भाग ढगात जातो तेव्हा गड दुप्पट होतो, हे आपण खडकवासल्याच्या काठावरून पाहिलेलं आहेच. चिनी चित्रकला ही मोकळी सोडलेली जागा फार गंभीरपणे घेते. तिथे कोरा कागद म्हणजे धुकं असतं, पाणी असतं, अंतर असतं. भाचीला हे त्या क्षणी सुचलं होतं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, ढग होते म्हणून ढग आले. पण संध्याकाळी आकाश निवळेल म्हणून बंडवर दीड तास खोळंबलेली तीच ही मुलगी. इथे तिनं एकदाही वर बघून कुरकुर केली नाही.

सगळं बघून झालं की मी 'छायाचित्र' या शब्दापाशी येते. मराठीत 'प्रकाशचित्र' असाही शब्द आहे, आणि पाश्चात्त्यांनी या कलेचं नाव उजेडावरूनच ठेवलं. तरी आपल्या बोलण्यात रुळलं ते छायाचित्र, सावलीचं चित्र. चिनी भाषेतला शब्द आहे 'श-यिंग'. त्यातल्या 'यिंग'चा अर्थही सावली. सावली टिपून घेणं, पकडणं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट पाहिली. बंडवर उभं राहून हे कळलं नसतं, कारण तिथे सावलीच नाही. चारी बाजूंनी इतके दिवे की कुठलीच वस्तू आपली सावली सांभाळू शकत नाही. गल्लीत तीनच दिवे, म्हणून प्रत्येक वस्तूला तिची तिची सावली आहे. मीटरांच्या सात छोट्या सावल्या भिंतीवर एकाच बाजूला कलल्या आहेत. खुर्चीच्या पायांच्या सावल्या लादीवर फाकल्या आहेत. सदऱ्याची सावली समोरच्या भिंतीवर सदऱ्याहून मोठी आहे.

राहिला डावीकडचा खालचा कोपरा. तो जड काळा आकार. पहिले काही महिने मी त्याला भिंतीचा कोपरा समजत होते, किंवा कचऱ्याचा डबा. एकदा टेबल पुसताना अगदी जवळून बघितलं. खाली दोन खांब आहेत, जवळजवळ ठेवलेले. वर एक रुंद गोलाई, तिची कड थोडी थरथरलेली. पाठीमागचा सोडियम दिवा माझ्या पाठीवर होता. ते दोन खांब म्हणजे माझे पाय आणि गोलाई म्हणजे छत्री. "मावशी, हलू नकोस हं," असं तिनं शटर दाबायच्या आधी सांगितलं होतं. मला वाटलं होतं, ट्रायपॉडला धक्का लागेल म्हणून.

मी तिला फोन केला. म्हटलं, माझी सावली आली आहे गं त्यात, ती कापता आली असती की.

"नको," ती म्हणाली. "ती काढली तर चित्र उजवीकडे कलंडतं. डावीकडे धरायला दुसरं काहीच नाहीये."